जपानी फाउंटन पेनच्या निसर्गप्रेरित मर्यादित आवृत्त्या : कारागिरी, दुर्मिळता आणि संग्राहकाची दृष्टी

प्रस्तावना

बॉलपेनच्या प्रसारानंतर फाउंटन पेनचे दैनंदिन व्यवहारातील स्थान आकुंचित होत गेले. पुढे संगणकाने हस्ताक्षराचीच गरज कमी केली. असे असूनही फाउंटन पेनचा संग्रह करणारा वर्ग जगभर टिकून आहे आणि या वर्गात जपानी पेनना आदराचे स्थान आहे. त्यातही ऋतू, फुले, पक्षी, सरोवरे, पर्वत यांसारख्या निसर्गविषयांवर आधारलेल्या आणि मोजक्याच संख्येने काढलेल्या पेनना, म्हणजेच 'मर्यादित आवृत्त्यां'ना, संग्राहकांकडून सर्वाधिक मागणी असते.

तथापि 'मर्यादित आवृत्ती' ही संज्ञा सरसकट वापरली जात असल्याने तिच्या अर्थाविषयी संभ्रम निर्माण होतो. कारखान्यात साच्यातून निघालेले रंगीत पेन आणि कारागिराने कित्येक महिने हाताने घडवलेले पेन या दोहोंना हे एकच विशेषण लावले जाते. वास्तविक या दोन्हींमागील मर्यादा भिन्न स्वरूपाच्या आहेत. हा भेद स्पष्ट करणे आणि त्या आधारे संग्राहकाच्या दृष्टीची चर्चा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

उद्दिष्टे

१) जपानी पेनवर निसर्गचित्रण कसे व का आले, याचा आढावा घेणे.
२) उरुशी आणि माकि-ए या माध्यमांचे स्वरूप समजून घेणे.
३) 'मर्यादित आवृत्ती'चे प्रकार स्पष्ट करून संग्राहकापुढील प्रश्न मांडणे.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी

जपानमधील तीन प्रमुख पेननिर्मिती संस्था विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत उदयास आल्या. सेलर ही संस्था १९११ मध्ये हिरोशिमा प्रांतातील कुरे या बंदराच्या गावी सुरू झाली. नौकानयन विद्यालयातील माजी अध्यापक र्योसुके नामिकी यांनी मासाओ वादा यांच्या साथीने १९१८ मध्ये नामिकी उत्पादनसंस्था स्थापन केली. हीच संस्था १९३८ पासून पायलट या नावाने ओळखली जाऊ लागली. १९१९ मध्ये प्लॅटिनम या संस्थेचा पाया घातला गेला. 'सेलर' म्हणजे खलाशी आणि 'पायलट' म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा. या दोन्ही नावांतून त्या काळातील जपानचे सागराशी असलेले नाते व्यक्त होते.

पेनवर निसर्गचित्रे येण्यामागे प्रारंभी सौंदर्यदृष्टी नसून एक तांत्रिक अडचण होती, ही बाब लक्षणीय आहे. त्या काळी पेन एबोनाइटपासून, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेल्या रबरापासून, बनवले जात. एबोनाइट हाताला सुखद असते, त्यावर काम करणेही सोपे जाते. मात्र सूर्यप्रकाशाने आणि दमट हवेने त्याचा काळा रंग उतरून ते तपकिरी पडते. यावर उपाय म्हणून नामिकी यांच्या संस्थेने १९२५ च्या सुमारास एबोनाइटवर उरुशीचा लेप देण्याची पद्धत विकसित केली. रंग टिकवण्यासाठी दिलेला हा काळाभोर, चकचकीत थर जपानी कलावंतांच्या दृष्टीने चित्रासाठी सिद्ध झालेला पृष्ठभागच होता. साहजिकच मंजुषा, तबके, औषधाच्या डब्या यांवर शतकानुशतके होत आलेले माकि-ए हे चित्रकाम पेनवर अवतरले.

या स्थित्यंतरात कानाझावा येथे जन्मलेले गोन्रोकु मात्सुदा (१८९६-१९८६) यांचा वाटा मोठा आहे. १९३० मध्ये नामिकी संस्थेचा लंडनच्या आल्फ्रेड डनहिल या व्यापारसंस्थेशी करार झाला आणि 'डनहिल-नामिकी' या जोडनावाने हे पेन युरोपच्या बाजारपेठेत पोचले. १९३१ मध्ये मात्सुदा यांच्या नेतृत्वाखाली 'कोक्कोकाई' हा माकि-ए कारागिरांचा गट संघटित झाला. १९५५ मध्ये जपान सरकारने मात्सुदा यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' या नावाने परिचित असलेला सन्मान दिला. पेनसारख्या वापरातल्या वस्तूवर काम केलेल्या कलावंताचा देशाच्या सर्वोच्च कारागिरांत समावेश होणे ही घटना या कलेच्या प्रतिष्ठेची निदर्शक आहे.

२. उरुशी : एका झाडाचा चीक

मराठी वाचकाला उरुशी म्हटले की लाखेचे रोगण डोळ्यांपुढे येण्याचा संभव आहे, कारण सावंतवाडीच्या गंजिफा आणि लाकडी वस्तूंवरील लाखकाम आपल्या परिचयाचे आहे. परंतु हे दोन पदार्थ मुळातच भिन्न आहेत. लाख हा एका किटकाचा स्राव असून तो उष्णतेने मऊ होतो आणि मद्यार्कात विरघळतो. उरुशी हा उरुशी वृक्षाच्या सालीतून पाझरणारा चीक आहे. एकदा पक्का झाल्यावर तो पुन्हा वितळत नाही आणि आम्ल, अल्क, मद्यार्क यांना दाद देत नाही.

उरुशी वृक्ष आम्रकुलातील आहे. आंबा, काजू आणि बिब्बा ही याच कुळातील झाडे होत. बिब्बा अंगावर उतला म्हणजे काय होते, हे ग्रामीण महाराष्ट्रात सांगावे लागत नाही. ओल्या उरुशीच्या स्पर्शाने त्वचेवर उठणारे फोड याच जातीचे असतात. हे काम शिकणाऱ्या नवख्या कारागिराला बहुधा या दाहातून जावे लागते. बिब्ब्याच्या चिकाने कपड्यावर केलेली परटाची खूण धुतल्याने जात नाही, त्यामागील रसायनशास्त्रही याच्याशी नाते सांगणारे आहे.

उरुशी 'वाळते' असे म्हटले जात असले तरी ते शास्त्रीयदृष्ट्या अचूक नाही. तेलरंगातील द्रावक उडून जातो तसे येथे काही उडून जात नाही. चिकातील 'उरुशिओल' या घटकाचा प्राणवायूशी संयोग होऊन त्याचे कठीण बहुवारिक बनते. ही क्रिया 'लॅकेज' हे विकर घडवून आणते. त्याचा शोध जपानी रसायनशास्त्रज्ञ हिकोरोकुरो योशिदा यांनी १८८३ मध्ये उरुशीच्या अभ्यासातूनच लावला. या विकराला काम करण्यासाठी ओलावा लागतो. म्हणून लेप दिलेली वस्तू उन्हात न ठेवता दमट कपाटात ठेवतात. सुमारे २० ते ३० अंश सेल्सियस तापमान आणि ७० ते ८५ टक्के आर्द्रता या क्रियेस अनुकूल मानली जाते. एक थर पक्का झाल्याशिवाय दुसरा देता येत नाही आणि असे अनेक थर द्यावे लागतात. ही प्रतीक्षा टाळता येत नाही.

झाडाकडून होणारा पुरवठाही असाच मर्यादित आहे. उरुशी वृक्ष चीक देण्याजोगा होण्यास १० ते १५ वर्षे लागतात. उन्हाळ्यापासून शरद ऋतूपर्यंत दर काही दिवसांनी त्याच्या खोडावर आडवी चीर पाडून थेंबथेंब चीक गोळा केला जातो. संपूर्ण हंगामात एका झाडापासून साधारणतः २०० ग्रॅम चीक मिळतो. जपानमधील प्रचलित पद्धतीनुसार हंगाम संपताच ते झाड तोडले जाते. पुढे बुंध्यातून नवे धुमारे फुटतात आणि पुन्हा तितक्याच वर्षांची वाट पाहणे सुरू होते.

जपानमध्ये वापरल्या जाणाऱ्या उरुशीपैकी ९० टक्क्यांहून अधिक उरुशी परदेशातून, मुख्यतः चीनमधून येते. देशी उत्पादनाचा सर्वांत मोठा वाटा इवाते प्रांतातील जोबोजी परिसराचा आहे. २०१५ मध्ये जपानच्या सांस्कृतिक व्यवहार विभागाने राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या वास्तूंच्या दुरुस्तीत देशी उरुशी वापरण्याचे धोरण जाहीर केले. २०२० मध्ये काष्ठवास्तूंच्या जतनाशी निगडित पारंपरिक कौशल्यांचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. त्यात उरुशीचा चीक काढण्याच्या कौशल्याचाही अंतर्भाव आहे. मंदिरांची मागणी वाढल्यामुळे देशी उरुशी आणखी दुर्लभ झाली आहे.

३. माकि-ए : भुरभुरवलेले चित्र

'माकि-ए' या शब्दाचा अर्थ 'भुरभुरवलेले चित्र' असा आहे. कारागीर प्रथम बारीक कुंचल्याने ओल्या उरुशीची रेघ काढतो. ती पक्की होण्यापूर्वी बांबूच्या किंवा पिसाच्या छोट्या नळीतून सोन्याची वा चांदीची पूड तिच्यावर हलकेच भुरभुरवतो. पूड ओल्या रेघेला चिकटते आणि चित्र उमटते. सोन्याच्या कणांचा आकार, जाडी आणि दाटी बदलून धुके, चांदणे, पाण्यावरची तिरीप असे भिन्न परिणाम साधता येतात.

या तंत्राचे तीन मुख्य प्रकार आहेत. 'हिरामाकिए' म्हणजे सपाट चित्र. यात पूड टाकल्यावर केवळ चित्रावर उरुशीचा पातळ थर देऊन घासकाम केले जाते. 'तोगिदाशी' प्रकारात चित्र काढल्यावर संपूर्ण पृष्ठभाग उरुशीने झाकला जातो आणि मग कोळशाने घासत घासत आतले चित्र पुन्हा वर आणले जाते. येथे बोट फिरवले असता चित्र आणि जमीन यांतील सीमा जाणवत नाही. घासणे थोडे कमी झाले तर चित्र अंधूक राहते आणि थोडे अधिक झाले तर सोनेच निघून जाते. 'ताकामाकिए' म्हणजे उठावाचे चित्र. यात उरुशी व कोळशाची पूड इत्यादींनी आधी उंचवटा घडवून त्यावर चित्र पूर्ण केले जाते. याखेरीज शिंपल्याच्या चकाकत्या अंतर्भागाचे तुकडे बसवण्याच्या तंत्राला 'रादेन' असे नाव आहे. काजवे, लाटा, चंद्रप्रकाश यांच्या चित्रणासाठी ते विशेष उपयुक्त ठरते.

पेनचा आकार ही या कलेपुढील खास अडचण आहे. तबकावरील चित्र एका दृष्टिक्षेपात दिसते. पेन मात्र दंडगोल असल्याने त्यावरील चित्र कोणत्याही एका बाजूने पूर्ण दिसत नाही. ते पाहण्यासाठी पेन बोटांत फिरवावे लागते. टोपणावर सुरू झालेली फांदी खालच्या नळीवर नेमकी जुळावी लागते. चतुर कारागीर या अडचणीचेच सामर्थ्य बनवतो. एका बाजूस मोकळा काळा अवकाश राखून दुसऱ्या बाजूस पक्षी ठेवला की पेन फिरवताना तो पक्षी अंधारातून उडत आल्याचा भास होतो.

४. निसर्गाचा आशय

जपानी अभिरुचीत निसर्ग हा ऋतूंच्या द्वारे अनुभवला जातो. चीनकडून आलेल्या पंचांगपद्धतीनुसार वर्षाचे २४ आणि पुढे ७२ सूक्ष्म कालखंड मानले जात. १६८५ मध्ये शिबुकावा शुन्काई यांनी जपानी हवामानाला अनुसरून त्यांची फेरमांडणी केली. अमुक दिवसांत अमुक फूल उमलते, अमुक पक्षी परततो, अशी नोंद करणाऱ्या या दृष्टीमुळे प्रत्येक निसर्गचिन्हाला विशिष्ट काळ प्राप्त झाला. आलुबुखाराच्या जातीचे 'उमे' हे फूल कडाक्याच्या थंडीतच उमलत असल्याने ते धैर्याचे चिन्ह ठरते. क्रौंच आणि कासव ही दीर्घायुष्याची प्रतीके होत. चतुर हा कीटक विजयसूचक मानला गेला. सोनमासा उन्हाळ्याचा, तर चंद्र आणि रानगवत शरदाचे. म्हणूनच माकि-ए पेनवरील गवताची पाती ही केवळ नक्षी नसते. ती वर्षातील एका विशिष्ट वेळेचा निर्देश करते.

हीच दृष्टी चित्ररहित पेनमध्येही आढळते. प्लॅटिनमने १९७८ मध्ये आणलेल्या पेनचे '३७७६' हे नाव फुजी पर्वताच्या मीटरमधील उंचीवरून घेतले आहे. नाटककार आणि पेनसंग्राहक हारुओ उमेदा यांचा या पेनच्या रचनेत सहभाग होता. संग्राहक हा केवळ ग्राहक न राहता निर्मितीचा भागीदार होऊ शकतो, याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे. २०११ मध्ये या पेनची सुधारित आवृत्ती आली आणि फुजीच्या पायथ्याच्या पाच सरोवरांवर आधारित मर्यादित मालिका सुरू झाली. त्यातील पहिले पेन 'मोतोसु' या सरोवराच्या नितळ पाण्याला अनुसरून पूर्ण पारदर्शक ठेवण्यात आले. पाठोपाठ शोजी, साई, यामानाका आणि कावागुची ही पेने आली. त्यानंतरच्या फुजी-ऋतू मालिकेत वसंतातील पहाट, ग्रीष्मारंभीचा सुगंधी वारा, शरदाची जरतारी पानगळ आणि 'रोक्का' म्हणजे 'सहा पाकळ्यांचे फूल', अर्थात हिमकण, असे विषय घेतले गेले.

शाईच्या क्षेत्रातही असेच घडले. पायलटने २००७ मध्ये आणलेल्या 'इरोशिझुकु' या शाईमालिकेत चांदणी रात्र, रानद्राक्षे, बांबूचे वन अशी नावे रंगांना दिली गेली. त्याच वर्षी कोबे येथील एका जुन्या लेखनसाहित्य दुकानाने आपल्या शहराच्या परिसरावर आधारित शाया काढण्यास प्रारंभ केला. त्यातील पहिली शाई शहरामागील रोक्को डोंगराच्या हिरवाईवरून तयार केलेली होती. १९९५ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या शहराच्या दृष्टीने या हिरव्या रंगाचे मोल निराळे होते, हे सांगावयास नको.

५. 'मर्यादित आवृत्ती'चे दोन अर्थ

वरील विवेचनावरून मर्यादित आवृत्तींचे दोन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग निर्णयाने मर्यादित असलेल्या पेनचा. येथे निर्माता संख्या आधी ठरवतो. काही वेळा वर्षाचा आकडा हीच नगांची संख्या असते. उदाहरणार्थ, टोपण नसलेल्या, कळ दाबताच निब बाहेर येणाऱ्या पायलटच्या पेनची संधिप्रकाशाचे रंग दाखवणारी २०१५ ची आवृत्ती २०१५ नगांची होती. अशा पेनचे आणखी नग काढणे कारखान्याला अशक्य नसते. ते न काढण्याचे वचन दिलेले असते. या पेनचे मूल्य त्या वचनावर आणि रंगसंगतीच्या कल्पकतेवर अवलंबून असते. ती माकि-ए पेनच्या तुलनेत पुष्कळच स्वस्त असल्याने मध्यमवर्गीय संग्राहकाला परवडतात. उत्तम निबची परंपरा सामान्य लेखनिकापर्यंत पोचवण्याचे कार्यही ती करतात. त्यामुळे त्यांना कमी लेखणे उचित होणार नाही.

दुसरा वर्ग स्वभावतः मर्यादित असलेल्या पेनचा. येथे पेनवर छापलेला आकडा हा परिणाम असतो, कारण नव्हे. झाडाचे वय, चिकाचे प्रमाण, थर पक्का होण्यास लागणारा काळ आणि तोगिदाशी जमणाऱ्या हातांची संख्या या गोष्टीच किती पेन होतील ते ठरवतात. संस्थेची इच्छा असली तरी या संख्येत एका वर्षात वाढ करता येत नाही.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा, फसवा वाटणारा प्रदेश आहे. 'किंदाई माकि-ए' म्हणजे आधुनिक माकि-ए या नावाने मिळणाऱ्या पेनवरील चित्र बहुधा छपाईच्या तंत्राने उमटवलेले असते. निर्माते तसे नावातच सूचित करतात. तेव्हा यात लबाडी नाही. परंतु नवखा संग्राहक 'माकि-ए' एवढाच शब्द वाचतो आणि छापील चित्राला हातकामाची किंमत देतो.

६. संग्राहकापुढील प्रश्न

संग्राहकाने प्रथम पारख शिकणे आवश्यक आहे. हाताने केलेल्या पेनवर बहुधा कारागिराची स्वाक्षरी वा मुद्रा असते. नामिकी पेनवर कारागिराच्या नावासोबत 'कोक्कोकाई' हे गटनामही आढळते. भिंगाखाली पाहिले असता सोन्याचे कण कमी-अधिक दाटीने विखुरलेले दिसतात. छपाईत मात्र कडा एकसारख्या आणि ठिपके नियमित असतात. चित्र टोपणावरून नळीवर जुळते किंवा नाही, हीदेखील एक कसोटी आहे.

दुसरा प्रश्न जतनाचा. आम्लालाही न बधणारी उरुशी सूर्यप्रकाशापुढे मात्र दुबळी आहे. अतिनील किरणांनी तिची चकाकी मरते. म्हणून असे पेन उन्हाच्या खिडकीशी वा प्रखर दिव्याखाली मांडून ठेवू नये. अतिशय कोरडी हवा, गरम पाणी आणि खरखरीत कापड टाळावे. वापर झाल्यावर मऊ सुती कापडाने पुसणे पुरेसे असते. शाई आत वाळू न देता कोमट पाण्याने निब व शाईवाहक भाग धुणे इष्ट.

तिसरा आणि सर्वांत वादग्रस्त प्रश्न वापराचा. अनेक संग्राहक पेन शाई न भरता पेटीतच ठेवतात, कारण न वापरलेल्या पेनला पुनर्विक्रीत अधिक किंमत येते. परंतु उरुशी पेटीतही जशीच्या तशी राहत नाही. वर्षे लोटतात तशी ती अधिक पारदर्शक होते आणि पारदर्शक उरुशीखाली दिलेला लाल वा हिरवा थर हळूहळू उजळून दिसू लागतो. नियमित हाताळणीने तिला सौम्य झळाळी येते, असा जपानी परंपरेचा अनुभव आहे. शिवाय एबोनाइटवरील पहिला लेप पेन वापरात टिकावे म्हणूनच दिला गेला होता, हा इतिहास विसरता येत नाही. लिहिण्यासाठी घडवलेली वस्तू लिहिण्यापासून तोडणे म्हणजे तिचा अर्धा अर्थ बाजूला ठेवणे होय.

चौथा प्रश्न अधिक गंभीर आहे. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. उरुशीकामाचे विख्यात केंद्र असलेल्या वाजिमा शहरातील असंख्य घरे व कार्यशाळा कोसळल्या आणि सकाळच्या बाजाराचा परिसर आगीत भस्मसात झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील अतिवृष्टीने पुन्हा आघात केला. काही पेनांचे उरुशीकाम याच शहरातील कारागिरांकडे होत आले आहे. वाजिमाची पद्धत श्रमविभागणीवर आधारलेली आहे. लाकूड घडवणारा, अस्तर देणारा, लेप देणारा, चित्र काढणारा असे निरनिराळे हात एकाच वस्तूवर काम करतात. त्यातील एक दुवा निखळला तरी पुढचे काम अडते. पेटीतील पेन सुरक्षित राहिले तरी ते घडवणारी साखळी सुरक्षित असेलच असे नाही, याची जाणीव या घटनांनी करून दिली.

निष्कर्ष

१) जपानी पेनवरील निसर्गचित्रणाचा उगम एबोनाइटच्या एका दोषावरील उपायात आहे, उपयोग आणि सौंदर्य यांची येथे प्रारंभापासूनच सांगड आहे.
२) या पेनमध्ये निसर्ग दोन पातळ्यांवर वावरतो : चित्राचा विषय म्हणून आणि प्रत्यक्ष द्रव्य म्हणून. दुसरी पातळी बहुधा दुर्लक्षित राहते.
३) 'मर्यादित आवृत्ती' या संज्ञेत निर्णयाने आलेली आणि स्वभावतः असलेली अशा दोन मर्यादा मिसळल्या आहेत. संग्राहकाने मर्यादा किती नगांची आहे यापेक्षा ती कोठून आली आहे, हे विचारणे अधिक महत्त्वाचे ठरते.
४) छापील आणि हस्तनिर्मित माकि-ए यांतील भेद ओळखणे ही संग्राहकाची जबाबदारी आहे, योग्य किंमत योग्य हातांपर्यंत पोचणे त्यावर अवलंबून असते.
५) संग्रहाचे भवितव्य वस्तूंच्या जतनाइतकेच झाडे, चीक काढणारे आणि कारागीर यांच्या टिकून राहण्याशी निगडित आहे.

आज जोबोजीच्या परिसरात लावलेले उरुशीचे रोप चीक देण्याजोगे होईपर्यंत किमान दहा वर्षे जातील, आणि आज कुंचला हाती धरलेल्या शिकाऊ कारागिराला तोगिदाशी साधण्यासही दीर्घकाळ लागेल. त्या वेळी या कामाला जाणता ग्राहक लाभेल की नाही, हे बऱ्याच अंशी आजचा संग्राहक काय पाहून पेन विकत घेतो यावर ठरणार आहे.